हात बांधून बसलेला शुक्रवार

आमच्या बालवाडीच्या दाराशेजारी पालकांसाठी नियम लावलेले आहेत. कापडाच्या गठ्ठ्यातून निघालेला पुठ्ठा, निळं स्केचपेन आणि अक्षर माझं. एकूण सात नियम. त्यातला पाचवा असा: एखादं मूल दुसऱ्या मुलांना इजा करत असेल तर त्याच्या घरच्यांना दोनदा समज द्यावी. तिसऱ्या वेळी पालकसभा हात वर करून त्या मुलाबद्दल निर्णय घेईल, आणि त्या मुलाच्या पालकाने मत देऊ नये. हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्यांची मुलं होती. असले नियम आपण नेहमी दुसऱ्यांच्या मुलांसाठीच करतो.

मंगळवारी दुपारी पालकांच्या ग्रुपवर एक फोटो आला. मी लूमसाठी कांड्यांवर सूत भरत बसले होते. आमच्या घरात फोन वाजलेला ऐकू येत नाही, स्क्रीन उजळलेली दिसते. फोटोत एका मुलाचा गाल होता आणि डोळ्याखाली बोटभर लांब लाल ओरखडा. खाली त्याच्या आईने लिहिलं होतं, "ही तिसरी वेळ. नियम सगळ्यांना सारखा असला पाहिजे. समितीवाल्यांच्या मुलांनासुद्धा."

समितीवाली म्हणजे मी; पालक समितीचं सगळं मीच बघायचे. ओरखडा काढणारी माझी मुलगी, वय साडेतीन.

माझा राग नाकावर असतो, हे माझ्या माहेरी खारबावला कुणालाही विचारा. मी तिथल्या तिथे उत्तर टाकलं, "तुमचा मुलगा काय धुतल्या तांदळासारखा आहे का?" पाठवल्यावर वाटलं, नको होतं. पण तोवर सगळ्यांच्या निळ्या खुणा पडल्या होत्या. संध्याकाळी बालवाडीच्या बाईंचा एका ओळीचा निरोप आला: शनिवारी सकाळी अकरा वाजता पालकसभा, सर्वांनी यावे.

म्हणजे शनिवारी माझ्याच नियमाने माझ्या मुलीचा निकाल लागणार होता. आमच्या भागात लहान मुलांना जीव लावून शिकवणारी दुसरी बालवाडी नाही. इथून काढलं तर ती पुढची दोन वर्षं घरी, कांड्यांच्या ढिगाऱ्यात, माझ्या पायाशी.

मी या बालवाडीत इतकी गुंतले त्याला कारण होतं. लग्न होऊन भिवंडीला आले ती बारावी पास होऊन, मराठी शाळेतून, चांगल्या मार्कांनी. इथे आल्यावर मला काय येतं ते कुणी विचारलं नाही. स्वयंपाक येतो, कांड्या भरता येतात, झालं. मग मुलीला बालवाडीत घातलं आणि दुसऱ्याच महिन्यात तिथली मदतनीस काम सोडून गेली. बावीस मुलं आणि बाई एकट्या. त्यांनी पालकांना बोलावून विचारलं, रोज एकाने येऊन बसाल का? सगळे एकमेकांची तोंडं बघत होते. मी म्हटलं, मी वेळापत्रक करते. केलं, भिंतीवर लावलं, नियम लिहिले, ज्यांची ड्युटी आहे त्यांना आदल्या दिवशी फोन केले. महिन्याभरात माझ्यावाचून पान हलेना. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

माझी ड्युटी शुक्रवारची. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात, म्हणून मला कांड्यांतून सुट्टी.

इथे आमच्या घराबद्दल सांगायला हवं. खाली बारा लूम, वर आम्ही. दोन शिफ्टमध्ये दिवसरात्र खडखडाट. थांबतो तो शुक्रवारी, नाहीतर लाईट गेली की. अशा घरात तोंडाने बोलणं म्हणजे घसा फुकट घालवणं. म्हणून सगळे हातांनी बोलतात. दोन्ही हातांची बोटं टोकाला टोक लावून झटक्यात लांब केली की धागा तुटला. पंजा पालथा करून खाली आणला की बंद. अंगठा ओठांना लावला की चहा. खालच्यांना जेवायला बोलवायचं असेल तर जिन्यातला बल्ब दोनदा लावायचा आणि विझवायचा. आणि माणूस जवळ असेल, पण दुसरीकडे बघत असेल, तर सरळ त्याची हनुवटी धरायची आणि तोंड आपल्याकडे वळवायचं. सासूबाईंनी पहिल्यांदा माझी हनुवटी धरली तेव्हा मी रडायच्या बेतात होते. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. त्यांना फक्त मीठ कुठे ठेवलं ते विचारायचं होतं.

माझी मुलगी या घरात जन्मली. चालायच्या आधी ती खुणा करायला लागली. दीड वर्षाची असताना जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून तिने खाली बापाला दोन बोटं जोडून लांब करून दाखवली. सात नंबरच्या लूमवर खरंच धागा तुटला होता. कारागीर पोट धरून हसले, नवऱ्याने सगळ्यांना जिलेबी आणली. लूमवाल्याची पोरगी शोभते, असं जो तो म्हणायचा. ती बोलायची थोडंच. अब्बा, पानी, दे. मोठ्याने आणि अर्धवट. पण आमच्याकडे सगळेच मोठ्याने बोलतात. बल्ब दोनदा लागला की ती कुठूनही धावत यायची. हाकेला ओ देणारी मुलगी म्हणून मी तिचं कौतुक करायचे.

बालवाडीत तिने पहिल्यांदा फोटोतल्या त्या मुलाची हनुवटी धरली ती ऑगस्टमध्ये; तो तोंड सोडवायला गेला आणि तिची नखं लागली. दुसऱ्यांदा दिवाळीच्या सुट्टीनंतर. तो मुलगा तिच्या शेजारी बसायचा. शेलारहून त्याची आई त्याला रिक्षाने आणून सोडायची आणि तशीच दापोड्याला गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या कामावर जायची. तिची ड्युटी महिन्यातून एकदाच लागायची, त्यामुळे आमची ओळख फोनवरचीच. दुसऱ्या वेळेनंतर बाईंनी मला बाजूला घेतलं होतं. बाई पन्नाशीच्या, आवाज इतका हळू की आमच्या घरी त्या मुक्याच ठरतील.

"ताई, रागावू नका. एकदा मुलीचे कान दाखवून घ्याल का?"

मला लगेच राग आला. "कान? माझी मुलगी बहिरी आहे का? तिला सगळं कळतं, बाई. शुक्रवारी मी असते तेव्हा बघता ना तुम्ही? सगळ्यांच्या आधी करते."

"तुम्ही असता तेव्हा करते, हे खरं आहे," बाई म्हणाल्या.

मी ते कौतुक समजून घरी आले. सासूबाईंना सांगितलं तर त्या उसळल्याच. "काय न्हाय झाला तिला. माझा पोरगा पन चार वर्सांचा होईपर्यंत बोलत नव्हता. आता बघ, गप बसतो काय?" नवऱ्याने मान हलवून हसण्यावारी नेलं. विषय संपला. खरं सांगायचं तर मला तो संपायला हवाच होता.

आणि आता हा तिसरा ओरखडा.

बुधवारी मी मुलीला सोडायला गेले तेव्हा दारात चार बाया बोलत होत्या. मी आले तशा त्या पुठ्ठ्यावरचे नियम वाचायला लागल्या. पाच-सहा महिने तो पुठ्ठा तिथे आहे, कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. मी मुलीच्या पायांतल्या चपला काढल्या, तिला आत ढकललं आणि कुणाकडे न बघता परत फिरले. घरी येऊन कांड्या भरताना मी मनात शनिवारचं भाषण तयार करत होते. तुमचा मुलगा खडू खातो, तेव्हा मी फोटो टाकला का? तुम्ही ड्युटीला अर्धा तास उशिरा येता, तेव्हा मी ग्रुपवर लिहिलं का? एकेक मुद्दा असा बिनतोड होता. मुलीची नखं मी त्या दिवशी इतकी खोल कापली की अंगठ्याला रक्त आलं. ती रडली, आणि मी तिच्यावरच ओरडले. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली.

गुरुवारी बालवाडी सुटताना बाई मला दारात भेटल्या.

"उद्या ड्युटीला येणार ना?"

"येणार. का, आता तेही बंद?"

"या. पण उद्या पुढे नको, मुलांच्या मागे बसा. आणि हात ओढणीखाली घ्या. काहीही झालं तरी बाहेर काढायचे नाहीत."

"हात? मी हातांनी काय केलंय?"

"ते उद्या तुम्हीच मला सांगा," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

शुक्रवारी शहर गप्प असतं. बाहेरच्याला ते कळणार नाही, कारण रिक्षा, ट्रक, भोंगे सगळं चालूच असतं. पण भिंतीतून येणारी ती थरथर थांबलेली असते. मी साडेनऊला बालवाडीत गेले आणि मागच्या भिंतीला टेकून चटईवर बसले. हात ओढणीखाली घेतले. मला हे सगळं पोरखेळ वाटत होतं. मनात म्हटलं, बघू द्या बाईंना, मग शनिवारी हेही बोलून दाखवते.

बाई म्हणाल्या, "दप्तरं भिंतीपाशी ठेवा." मुलं उठली. माझी मुलगी उठली नाही. तिने मान मागे वळवून माझ्याकडे बघितलं.

माझा उजवा हात आपोआप उठला. ओढणी हलली. मी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. तोपर्यंत शेजारच्या मुलांकडे बघून ती उठली आणि दप्तर ठेवून आली. "गोल करून बसा." पुन्हा तिने माझ्याकडे बघितलं, पुन्हा माझा हात उठायला लागला. ओढणीखाली माझा पंजा गोल फिरवायची खूण करायच्या तयारीत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो माझाच हात होता आणि मला न विचारता काम करत होता. गेले सगळे शुक्रवार मी इथे मुलांच्या समोर बसत होते, आणि बाईंचा प्रत्येक शब्द माझ्या मुलीला हातांनी सांगत होते. मला माहीतसुद्धा नव्हतं. तिने सगळ्यांच्या आधी केलं म्हणून घरी जाऊन मी फुशारकी मारत होते.

तरी मनात म्हटलं, हातांची सवय आहे तिला, एवढंच. ऐकूही येतंच.

बाईंनी चिमणी उडचा खेळ मांडला. मुलं गोलात, एकेक बोट जमिनीवर टेकवलेलं. एरवी बाई गोलात बसून खेळतात. त्या दिवशी त्या उभ्या राहिल्या आणि माझ्या मुलीच्या मागे आल्या, तिला त्यांचं तोंड दिसणार नाही अशा.

"चिमणी उड!"

एकवीस बोटं वर. एक बोट मागाहून वर.

"कावळा उड!"

पुन्हा तसंच. अंतर इतकं थोडं होतं की माहीत नसेल तर दिसणार नाही. तिची नजर शेजारच्या मुलाच्या बोटावर खिळलेली होती. ज्याच्या गालावर अजून ओरखड्याची खपली होती, त्याच्याच बोटावर. तो उचलेल तेव्हा ती उचलत होती.

"पोपट उड!" वर. "विमान उड!" वर. मी मनातल्या मनात म्हणत होते, या वेळी आधी उचल, एकदाच आधी उचल.

"म्हैस उड!"

त्या मुलाचं बोट सवयीने वर गेलं. त्याच्या मागोमाग तिचंही गेलं. बाकीची मुलं खिदळली. मुलाने जीभ चावून बोट खाली घेतलं, ती अजून वरच धरून बसली होती. सगळी हसतात म्हणून तीही हसली.

मग बाई वाकल्या आणि तिच्या पाठीमागून, हातभर अंतरावरून, तिला नावाने हाक मारली. तिच्या पाठीवरची वेणीसुद्धा हलली नाही. बाईंनी पुन्हा हाक मारली, त्यांना जमेल तितक्या मोठ्याने. खोलीतली सगळी मुलं तिच्याकडे वळून बघायला लागली. सगळे आपल्याकडे का बघतात ते तिला कळेना. ती गोंधळली, आणि मग तिने मला शोधलं.

माझे हात दिसत नव्हते. ती एकदा माझ्या तोंडाकडे, एकदा ओढणीकडे बघत राहिली. मग तिने दोन बोटं टोकाला टोक लावून माझ्यासमोर धरली आणि झटक्यात लांब केली.

धागा तुटला. आमच्या घरात ही खूण धाग्यापुरती राहिलेली नाही. दूध नासलं, लाईट गेली, बाहुलीचा हात निखळला, सगळ्याला तीच. काहीतरी तुटलंय आणि कुणीतरी येऊन जोडून द्यायला पाहिजे, एवढाच तिचा अर्थ. ती माझ्याकडे बघत थांबली होती.

मी हात बाहेर काढले नाहीत. बाईंनी बजावलं होतं म्हणून नव्हे. बाहेर काढून कोणती खूण करायची ते मला समजत नव्हतं.

दुपारी नमाज पढून नवरा घरी आला आणि जेवायला बसला. मुलगी खिडकीपाशी पाठमोरी बसून कांड्यांचा मनोरा रचत होती. खाली लूम बंद, घरात चिडीचूप. मी म्हटलं, "तिला हाक मार."

"का?"

"मार तर."

त्याने तिला लाडाच्या नावाने हाक मारली. मग जरा मोठ्याने. मग घास तसाच हातात धरून कारखान्यात मारतात तशी आरोळी ठोकली. आतल्या खोलीतून सासूबाई धावत आल्या. मुलीने मनोऱ्यावर आणखी एक कांडी ठेवली. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याचा उष्टा हात जिन्यातल्या बल्बच्या बटणाकडे गेला. मी त्याचं मनगट धरलं. सासूबाई मटकन खाली बसल्या आणि कुणाशीच नाही असं म्हणाल्या, "मी बोलवली की ती येते ना. माझ्याकडे तर येते." त्यांच्या हातात अजून पदर होता, आणि त्या बोलताना तोच हात हलवून ये ये करत होत्या.

मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती. तीन वर्षं मुलगी माझ्या समोर होती.

शनिवारी आम्ही सगळे मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसलो, गुडघे छातीशी. नवरा पहिल्यांदाच सभेला आला होता, दाराशी उभा होता. मुलाची आई गोडाऊनच्या कामाच्या कपड्यांतच आली होती, गळ्यात ओळखपत्र. तिने सरळ सुरुवात केली.

"भाभी, मला भांडायचं नाहीये. तुम्ही काय लिहिलं तेही मी सोडून देते. पण माझा मुलगा सकाळी उठला की दोन्ही हातांनी हनुवटी झाकून उभा राहतो. शाळेचे कपडे घालू देत नाही. मी त्याला ओढत आणते आणि कामावर जाते. दिवसभर माझं चित्त इथे असतं."

बिनतोड मुद्दे माझ्याकडे अजून होते. खडूचा, उशिराचा. ते जिभेवर येत होते, सांगायला लाज वाटते. मी उठले, आणि काय बोलणार ते मला बोलेपर्यंत माहीत नव्हतं.

"माझ्या मुलीला ऐकू येत नाही."

हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारत होते. दाराशी नवऱ्याने मान खाली घातली.

"बाईंनी मला दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. मी बाईंनाच बोलले. तुमच्या मुलाला मारायला ती धरत नाही. आमच्या घरात कुणाशी बोलायचं असलं की असंच धरतात. दाखवू?"

मी मुलाच्या आईसमोर उकिडवी बसले, तिची हनुवटी धरली आणि तिचं तोंड माझ्याकडे वळवलं. ती दचकली. मग स्थिर राहिली. इतक्या जवळून मी तिला कधी बघितलं नव्हतं. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"याचा अर्थ, माझ्याकडे बघ, मला तुला काहीतरी सांगायचंय. एवढंच."

मागून एक बाप म्हणाला, "वाईट वाटतं ताई, पण मग अशा मुलांची वेगळी शाळा असते ना? इथे बाई एकट्या काय काय बघणार?" एकदोघांनी माना डोलावल्या. एका बाईने पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं, "नियमाप्रमाणे हात वर करू या. म्हणजे कुणाचं मन नको दुखायला."

बाईंनी विचारलं, "मुलीला इथेच राहू द्यावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

त्या मुलाच्या पालकाने मत देऊ नये, हे माझंच अक्षर. मी माझे हात ओढणीखाली घेतले आणि मान खाली घातली. कुणी वर केले, कुणी नाही, बघायचा धीर होईना. बाई हळू आवाजात मोजत होत्या. दहावर थांबल्या. आम्ही वीस जण होतो, माझं मत धरायचं नव्हतं. एकोणिसातले दहा. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"माझा पण धरा," मुलाची आई म्हणाली. तिचा हात पूर्ण वर नव्हता, खांद्यापर्यंतच होता. "पण माझी एक अट आहे. शुक्रवारची ड्युटी मी करणार. मी शिफ्ट बदलून घेते. भाभी नकोत."

मला ते फार लागलं. मी वर बघितलं.

"तुम्ही असलात की ती तुमच्याकडेच बघत बसणार," ती म्हणाली. "बाईंकडे कधी बघणार? आणि पुन्हा ओरखडा निघाला तर मी पुन्हा फोटो टाकणार, हेही सांगून ठेवते."

सोमवारी मी वेळापत्रकावर शुक्रवारसमोरचं माझं नाव खोडलं.

पुढचे महिने ठाण्याला खेपा घालण्यात गेले. मुलीला झोपेचं औषध देऊन, डोक्याला तारा लावून तपासलं. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं, बहुधा जन्मापासून, असं डॉक्टरीण म्हणाल्या. लूममुळे का, हे मी तीनदा विचारलं. त्या तिन्ही वेळा म्हणाल्या, बहुधा नाही, पण कळायला उशीर मात्र झाला. तो उशीर कुणामुळे झाला ते मी त्यांना सांगितलं नाही. कानात लावायची मशीन आली. घरी खडखडाट असला की ती काढून डबीत ठेवायची, असं ठरलं. म्हणजे आमच्याकडे ती बहुतेक वेळ डबीतच. ती कानात राहायची बालवाडीत. सुरुवातीला मुलगी ती उपटून फेकायची, आणि बाई शांतपणे उचलून पुन्हा लावायच्या. तिला शब्द यायला लागले, पण एकेक, आणि ते तोंडातून बाहेर काढताना तिचा सगळा चेहरा कामाला लागायचा.

शुक्रवारी मी तिला सोडून परत जायचे. तशी अट होती. एका शुक्रवारी डबी द्यायची राहिली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले, तर आत खेळ चालू होता. मी दारात न जाता बाजूच्या खिडकीपाशी उभी राहिले. मुलं गोलात बसली होती. बाई गोलाबाहेर, माझ्या मुलीच्या मागे. मुलाची आई मागच्या भिंतीला टेकून, मी त्या शुक्रवारी बसले होते त्याच जागी.

"चिमणी उड!"

तिचं बोट वर गेलं. सगळ्यांबरोबर की मागाहून, मला सांगता येणार नाही. माझे कान आणि डोळे एकदम चालेनात.

"पतंग उड!" वर. "कबूतर उड!" वर.

"म्हैस उड!"

शेजारच्या मुलाचं बोट वर गेलं. तो दर वेळी चुकतो. माझ्या मुलीचं बोट जमिनीवर होतं. तिने त्याच्या बोटाकडे बघितलं. मग स्वतःच्या बोटाकडे. मग पुन्हा त्याच्या. कपाळाला आठ्या पडल्या. आणि तिने दोन्ही हात पुढे करून त्याची हनुवटी धरली.

माझा हात खिडकीच्या गजांतून आत गेला. सोड, सोड, अशी खूण मी करत होते. ती माझ्याकडे बघत नव्हती. मुलाच्या आईने मात्र मला बघितलं. ती उठेल, ओढून बाजूला करेल, फोटो काढेल, असं सगळं मला दिसलं. तिने बसल्या जागेवरून माझ्याकडे पंजा पालथा केला आणि सावकाश खाली आणला. बंद. आमच्या घरातली खूण, अगदी आमच्यासारखी.

मुलाने हनुवटी सोडवून घेतली नाही. माझ्या मुलीने त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्याला सांगितलं,

"म्हैस नाय उडत!"

मुलाने बोट खाली घेतलं.